गाळपेर

काश्यपीचं पाणी उतरत होतं.
गिरणाऱ्याहून निघालो साडेतीनला. पोचलो तेव्हा ऊन तिरपं
आणि रस्ता एका बाभळीपाशी आपला आपण संपलेला.
तिथून पुढे सामान अंगावर:
फिलोमिनाच्या डोक्यावर तंबू,
माझ्या हातात प्यायच्या पाण्याचा कॅन,
दर पन्नास पावलांना खाली ठेवायचा, हात बदलायचा.

जमीन कुणाची?
दगडावर पाटबंधाऱ्याचा नंबर, म्हणजे सरकारची.
श्रावणात माशांची.
आत्ता माघात उघड्या पडलेल्या उतारावर
कुणीतरी हरभरा पेरलाय, म्हणजे त्याची.
आज रात्रीपुरती, सात फूट बाय पाच, आमची.

भाडं नाही, पावती नाही, नळ नाही, दिवा नाही.
तेहतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा मोजल्या दोघींनी,
संडासला जायचं तरी कुणाला तरी सांगून.
इथे फिलोमिनाने खुरपं पुढे केलं:
"पाण्यापासून शंभर पावलं. वीतभर खोल.
माती परत लोटायची."
तिला हे तिच्या थोरल्याने फोनवर शिकवलेलं.

मला काय शिकवायचंय कुणी.
सिन्नरच्या वर, आमच्या गावात,
पहाटे एकमेकींच्या सोबतीने बसायचो हमरस्त्याकडेला,
ट्रकचा उजेड आला की साऱ्याजणी उभ्या.
उजेड गेला की पुन्हा खाली.
लग्न होऊन क्वार्टरमध्ये आले तेव्हा
संडासची कडी मी उगाच लावायची, उगाच काढायची,
लोखंडाचा तो आवाज ऐकायला.

आता पेन्शन घेऊन त्याच अंधारात आले,
हौसेने.
बसले, आणि डोळे आपोआप रस्ता शोधायला लागले.
रस्ता नव्हताच.

राखणीला बुधी बेंडकोळी होती, मचाणावर.
आमचा दिवा बघून खाली आली.
"घर पडलं का तुमचं?"
नाही. सिडकोत आहे. तीन खोल्यांचं.
"मग मालकाशी भांडलात?"
फिलोमिना म्हणाली, माझा वर गेला.
मी म्हणाले, माझा टीव्ही बघतोय.
तिने तंबूचं कापड चिमटीत धरून पाहिलं,
लुगड्याचा पोत पाहावा तसं.
"ह्यात थंडी अडते?"
नाही अडत.
तेव्हा कुठे हसली. डहाळ्यांची पेंढी टाकली आमच्यापुढे,
आणि जाता जाता,
"रात्री खाली पाणी सोडतील. आवाज आला तर भिऊ नका.
ते जातं. येत नाही."

खिचडीचं पातेलं करपलं.
साबण मी आणलाच नव्हता; हे पाणी फिरून
माझ्याच नळाला यायचंय.
पातेल्यात दगड ठेवला, काठाशी बुडवून ठेवलं,
सकाळी राखेने घासू.

थंडी अडली नाही.
दोन गोधड्या, दोन स्वेटर, एकमेकींची पाठ.
फिलोमिनाने पुटपुटत प्रार्थना केली,
तिच्या आमेनला कोल्ह्याने लगेच साथ दिली
आणि आम्ही दोघी, साठीच्या बायका,
तोंडावर गोधडी दाबून हसलो, खोकला येईपर्यंत.
मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
तंबूच्या आतून दंव ठिबकत होतं.
मोजायला लागले, एकोणीसला सोडून दिलं.

उजाडल्यावर पातेलं कोरड्यात.
पाणी दोन हात मागे सरकलेलं,
मधल्या ओल्या गाळावर
एका पाखराची पावलं, पातेल्यापर्यंत आलेली,
पातेल्याभोवती फिरलेली,
करपलेलं न आवडून परत गेलेली.

बुधी त्या नव्या गाळात पाय रोवून बघत होती,
घोट्यापर्यंत जातोय का, पेरता येईल का.
आमच्याकडे बघायला तिला वेळ नव्हता.

खुंट्या उपटल्या, भोकं टाचेने बुजवली.
दबलेला चौकोन तेवढा राहिला.

बाभळीपाशी फोनला रेंज आली.
"कुठायस?" पलीकडे बादलीत धार पडत होती.
"येतेच आहे."
"आज पाणी जोरात आलंय," तो म्हणाला,
"पिंप भरून वाहतंय बघ."
मग बंद कर की नळ, मी ओरडले,
एवढ्या जोरात
की हरभऱ्यातनं तित्तिर उडाले.