एकास बारा

डोमाजी मिस्त्रीनं रॅम्प बांधला
झोन ऑफिसच्या तीन पायऱ्यांना टेकवून,
शाळेतल्या घसरगुंडीसारखा.
चिंचखेडे साहेबांनी फीत कापली.
फोटोत मी आहे.
खालीच.

वर न्यायला दोघं लागले.
विचारलं नाही कुणी,
मागचे दांडे धरले नि रेटलं
सिलिंडर चढवावा तसं.

दुसऱ्या दिवशी मी माझी फीत घेऊन गेले,
मोजायची.
सहा इंचाची पायरी, अशा तीन. अठरा इंच.
इंचाला फूटभर लांबी, म्हणजे अठरा फूट.
बांधलेला : पाच.

"अठरा?" चिंचखेडे म्हणाले,
"मंग आमच्या गाड्या कुठं लावाव, म्याडम?"
मला माहीत नव्हतं.
मी तसंच सांगितलं.

डोमाजी खर्रा थुंकून आला,
बराच वेळ चाकाकडं पाहत राहिला.
चाक त्याला कळतं,
जन्मभर घमेली नि हातगाडी.
"बसून पाहू काय, ताई?"

मे महिना. पंचेचाळीसच्या वर पारा.
मी बाकावर सरकले, तो खुर्चीत.
दोन हात चढला, तीन हात मागं आला,
आणि धरायला गेला कठडा,
चकचकीत, स्टीलचा, दुपारभर तापलेला.
हात असा काही झटकला
की पानठेल्यावरचे हसले.
तो नाही हसला.
"हे त म्याच लावलं न, बाप्पा."

फोडायला एक दिवस लागला,
मंजुरीला पावसाळा गेला, दिवाळी गेली.
आता रॅम्प कडुनिंबाला वळसा घालतो,
मध्ये सावलीत चौकोनभर थांबा आहे,
दम खायला.
कठड्याला डोमाजीनं काथ्या गुंडाळलाय
एक एक वेढा, अंगठ्यानं दाबून.
काथ्याचं बिल कोणत्या हेडखाली टाकावं
चिंचखेडे अजून शोधतायत.

आज पहिल्यांदा एकटी आले.
तोंडाशी कुणाची तरी मोपेड उभी होती,
ती हलेपर्यंत वीस मिनिटं.
मग अठरा फूट, माझ्या हातांनी.
निंबोळ्या चाकाखाली फुटत होत्या.

आत खिडकी.
कट्टा माझ्या कपाळाच्या वर.
मी टकटक केलं.
पलीकडून आवाज आला,
"कोन हाय? दिसून नाही राह्यलं."

मी फीत काढली.