कडेनं

"नेहमीचीच?" आस्लाक काउंटरमागून विचारतो
आणि गुनवोर मान हलवते.
सातवी रांग, उजवी बाजू.
हामरफेस्टच्या या एवढ्याशा विमानतळावर
कुणाच्या कॉफीत किती साखर
आणि गुनवोरला कुठली सीट,
दोन्ही सगळ्यांना पाठ.

तिसरी नको. तिथे पंखा कानाशी गरगरतो,
काच थरथरते, बाहेरचं जग
पाण्यात पडलेल्या नाण्यासारखं हलत राहतं.
पाचवी नको. पाचवीत ऐन उतरताना
चाक लोंबत खाली येतं,
बगळ्यानं पाय सोडावा तसं,
आणि ट्रोम्सोचा पूल त्याच्यामागे जातो.
अकरावीला तर खिडकीच नाही, नुसती भिंत.
एक पर्यटक जास्तीचे पैसे मोजून
तिथे बसला होता.
ते आठवून ती अजून हसते.

डावीकडे हिमनदी आहे, खरंय.
सगळे डावीच मागतात.
पण मार्चमध्ये, सकाळच्या विमानात,
सूर्य डावीकडून थेट डोळ्यांत घुसतो
आणि हिमनदीचा उरतो
फक्त पांढरा आरडाओरडा.
उजवीकडे ऊन पाठीशी.
"ऊन पाठीशी असलं की दगडसुद्धा खरं बोलतो,"
चाळीस वर्षं कॉड सोललेल्या बोटांनी
पट्टा आवळत गुनवोर सांगते.

मी सोबतीला.
दर सहा आठवड्यांनी तिच्या डोळ्यात सुई जाते,
परतताना हात धरायला कुणीतरी लागतं.
मी शेजारी राहतो, रात्रपाळी करतो,
दिवसा रिकामा; म्हणून मी.

खिडकी तिचीच, असं धरून
मी वाट सोडून उभा राहिलो.
"आत सरक," ती म्हणाली. "खिडकीत तू."
"अगं, पण तू तर..."
"सरक म्हटलं ना."

विमान उठलं. खाली फ्योर्ड,
शिळ्या चहावर साय धरावी तसा
काठाकाठानं गोठलेला.
आणि ही समोर बघत बसलेली,
पुढच्या सीटच्या खिशातल्या कागदाकडे,
मानसुद्धा न वळवता.
मला गलबलून आलं. मी सांगायला लागलो:
आता बर्फ आला, आता एक बेट,
आता एक बोट, लाल बहुतेक,
आजाऱ्याला पेपर वाचून दाखवतात
त्या आवाजात.

"गप्प बस," ती म्हणाली,
"आणि जरा मागे रेल. मधे येतोयस."

मग बऱ्याच वेळानं, कागदाशीच बोलावं तशी:
"माझ्या डोळ्यांना मधोमध भोक पडलंय.
ज्याच्याकडे बघेन, ते जातं.
तुझ्याकडे पाहिलं तर तुला तोंड नाही,
नुसते दोन कान.
खिडकीत बसून खिडकीत पाहिलं
की खिडकीच गेली.
इथून मी या कागदावरच्या
जॅकेट घातलेल्या मठ्ठ माणसाकडे बघते.
तो जातो. जाऊ दे त्याला.
आणि मग उजव्या कडेनं
सोरोया आत येते.
मांजरासारखी. बोलावलं तर येत नाही."

मी मागे रेललो, श्वास धरून,
जणू खरंच कुणीतरी
माझ्या मांडीवरून चालत जाणार होतं.

तिच्या भावाचं बोटघर त्या किनाऱ्यावर आहे.
जानेवारीच्या वादळानंतर
तिकडे कुणी गेलेलं नाही.
मी डोळे ताणून शोधत होतो:
करडं, पांढरं, करडं,
एक काळा ठिपका, तोही खडक निघाला.

"छप्पर आहे," गुनवोर म्हणाली, समोर बघतच.
"पूर्वेकडचा पत्रा उचकटलाय. चमकतोय बघ.
हाल्वरला सांगायला हवं."

मी काचेला नाक लावलं.
काचेवर माझीच वाफ.
पुसेपर्यंत बेट मागे पडलं.

संध्याकाळी ट्रोम्सोहून परतताना
तिच्या एका डोळ्यावर पट्टी,
हातात दोन पास: सातवी रांग, डावी बाजू.
येताना समुद्र डावीकडे असतो.
तिनं मला कोपरानं आत ढकललं.
"या खेपेला पत्रे मोज," ती म्हणाली.
"फक्त सरळ बघू नकोस."