मागच्या अठ्ठावीस दिवसांत

कुतैसीत, विद्यापीठाच्या तळघरात
एक खोली दिली आहे आम्हाला.
जुना वजनकाटा, भिंतीवर उंचीची पट्टी,
फॉर्मांचे गठ्ठे, आणि बिस्किटांचा एक डबा
जो त्सिआला बाईंनी दुसऱ्याच दिवशी उचलायला लावला.
‘आपण विचारायला बसलोय,’ म्हणाल्या, ‘परीक्षा घ्यायला नाही.’

बूट काढा, सांगते मी. किल्ल्या इथे ठेवा.
काट्याकडे पाठ करून उभं राहा,
आकडा मलाच दिसेल.
तरी प्रत्येकजण तो माझ्या चेहऱ्यावर वाचू बघतो.
चेहरा कोरा ठेवायचे
ताशी सहा लारी मिळतात मला.

एका शब्दापायी तीन संध्याकाळी गेल्या.
‘शरीराविषयी असमाधान’ आमच्या भाषेत बसेना.
बसवलं कसंबसं, आणि ज्याने मूळ पाहिलं नव्हतं
त्याच्याकडे दिलं उलटं फिरवायला.
परत आलं : ‘तुम्हाला तुमची लाज वाटते का?’
त्सिआला बाई बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.
मग म्हणाल्या, हे वापरता येणार नाही.
चुकलंय म्हणून, की नेमकं आहे म्हणून,
ते मी विचारलं नाही.

ओतार, कुस्तीगीर, हसत आला.
‘हे मुलींचं असतं ना?’
सगळीकडे शून्याभोवती गोल.
बुटाची नाडी बांधता बांधता सहज सांगून गेला :
स्पर्धेच्या आदल्या रात्री ट्रॅकसूटच्या आत
कचऱ्याची काळी पिशवी घालून धावतो,
बाटलीत थुंकत राहतो, जिभेचं लाकूड होईस्तोवर.
असा प्रश्न फॉर्मात नव्हता.
बेरीज शून्य. ठणठणीत.

आणि मग क्रमांक एकसष्ट.
हिरवी शाई. अंगठ्यालाही तिचाच डाग.
काट्यावर चढली ती श्वास धरून,
हवेचंही वजन लागेल जणू.
‘मागच्या अठ्ठावीस दिवसांत किती दिवस
सलग आठ तास काहीच खाल्लं नाही, जागेपणी?’
अठ्ठावीस.
आणि समासात, बारीक अक्षरात : ईस्टरचा उपास.

ईस्टर होऊन एकवीस दिवस झाले होते.
लाल अंड्यांची टरफलं केव्हाच कचऱ्यात गेली,
माझ्या मामीनं सात आठवड्यांचं चीज
एका दुपारी भरून काढलं.
अठ्ठावीसातून एकवीस गेले. सात.
सात दिवस देवाचे.
उरलेले कुणाच्या नावानं धरले होते, पोरी?

‘धार्मिक कारण,’ म्हणाल्या त्सिआला बाई, ‘बाजूला काढ.’
तारखा बघा, म्हटलं.
त्यांनी बोटांवर मोजलं, दोनदा,
आणि फॉर्म बाजूला काढला नाही.

नाव नाही त्यावर.
विचारणार नाही, शोधणार नाही,
असं आम्हीच सहीनिशी लिहून दिलंय.
शेवटच्या पानाखाली मदतीचा नंबर असतो,
फाडून न्यायची पट्टी.
एकसष्टची पट्टी जागच्या जागी.

शुक्रवारी पुलापाशी, भट्टीबाहेर, दिसली.
हिरवा अंगठा. हातात होडीसारखा लांब, गरम पाव.
समोर रस्त्यावरचं कुत्रं,
कानात लस टोचल्याचा पिवळा बिल्ला,
बिल्ल्यावर नंबर.
ती मोडत होती आणि देत होती.
मोडत होती, देत होती.
मी हाक मारली नाही. हाक मारायला
माझ्याकडे एक आकडाच होता.
पण तुकडे मोजले, सवयीनं :
अकरा, बारा.
तेरावा तिनं दिला नाही लगेच.
बोटांत धरून ठेवला, वाफ जाईपर्यंत.

मग मध्ये मिनीबस येऊन थांबली,
माणसं उतरत राहिली, उतरत राहिली.
ती गेली तेव्हा
कुत्रं एकटंच रस्ता हुंगत होतं.