तोटी उघडी ठेवून

पहाटे साडेतीनला बसते मी
शिलाई मशीनच्याच स्टुलावर,
कारण गुडघे आता टेकत नाहीत
आणि देवाला हे ठाऊक असावं.

पित्या, म्हणते मी,
आणि लगेच टॉवेलांचा गठ्ठा समोर येतो.
चार डझनांच्या कडा मारायच्या राहिल्यात,
शेठचा पोरगा दहाला टपकणार.
तुझं नाव घेते, म्हणते,
तर नावावरून आठवतं, रेशन कार्डावर
मी अजून 'सुवर्णा'च आहे.
सुवार्ता सांगितलं होतं मी, नीट, दोनदा.
साहेब म्हणाला, असं नाव नसतं बाई.

पुन्हा सुरुवात. पित्या.
एप्रिलची रात्र, भिंतींचा ताप उतरलेला नाही.
मागच्या बोळात लूम खडखडतात
आणि त्या खडखडीत आशेर.
तो असाच बसायचा, डोळे मिटून,
कुठला माग बिघडलाय ते आवाजावरून सांगायचा.
गिरणी बंद पडली, तसा खोकला सुरू झाला.
सिव्हिलच्या व्हरांड्यात
सदतीस रात्री मागितला मी त्याला.
मंगळवारी दुपारी
चहा आणायला गेले होते, तेवढ्यात.

तेव्हापासून प्रार्थनेत एक खुर्ची रिकामी असते
आणि ती आशेरची की तुझी
हे मला धड कळत नाही.

पाळकांना विचारलं होतं, उपासनेनंतर, चपला घालताना.
रणदिवे पाळक चांगला माणूस.
म्हणाले, शंका हे पाप नाही सुवार्ताबाई, पण
आणि त्यांचा फोन वाजला.
तो 'पण' मी घरी घेऊन आले.
तीन वर्षं झाली, फडताळात आहे.

पाचव्या दिवशी पाणी येतं आमच्याकडे.
कधी, ते उजनीलाच ठाऊक.
म्हणून रात्रीच तोटी उघडून ठेवायची,
खाली बादली, बादलीत पाइपाचं तोंड,
आणि एक कान तिकडे.
हा एक कान
मी तुला कधी देऊ शकले नाही, प्रभू.

भिंतीपलीकडून नरसव्वा विचारते,
"आलं का गं?"
तिच्या सुपात विड्यांची पानं,
हात थांबत नाही तिचा.
"नाही अजून."
"येतंय की."
बस्स, एवढंच. पुन्हा पानांची सळसळ.

येतंय की.
दोन शब्द. गळा भरून न आणता, हात न जोडता.
मागच्या खेपेला आलंच नव्हतं.
त्याच्या आधी आलं ते गढूळ, वीस मिनिटं.
महापालिकेच्या नावानं बोटं मोडत
सगळी गल्ली घागरी मांडते,
पण तोटी कुणी बंद करत नाही.

माझ्या जिवा, हे तुला येतं.
घागर मांडणं तुला येतं.
मग या स्टुलावर बसून
एवढी लाजतेस कशाला?

म्हणून आज मन आवरत नाही मी.
पळतंय तर पळू दे, जे सापडेल ते घेऊन ये.
हा घे प्रभू, गठ्ठा. बघ, कोपरे उसवलेत.
हे घे चुकलेलं नाव.
ही घे मंगळवारची दुपार, चहाचा पेला,
हो, अजून रागच आहे माझा, तोही घे.
आणि फडताळातला तो 'पण',
धूळ झटकून देते, थांब.

आमेन म्हटलं की नाही आठवत नाही.
डोळा लागला असावा,
मान मशीनच्या चाकावर.

नळ फुसफुसतो. खाकरतो.
पाइप बादलीत सापासारखा हलतो.

"आलं का गं?"

"वारा आलाय," मी सांगते,
आणि अंधारातच चाचपडत
बादली वीतभर पुढे सरकवते.