वजनाइतकंच

पहिल्या किमोनंतर सतराव्या दिवशी
उशीवर वेणी सापडली. अर्धी.
मी तिला गाठ मारली आणि चुलीमागच्या कोनाड्यात ठेवली,
जिथं वर्षभराची गुंतवळ साठते.
तीन दिवसांत कोनाडा भरला.

राहिलेलं मोरेश्वरनं काढलं, ओसरीत,
दाढीच्या मशीननं,
बकरीची धरतो तशी मान धरून.
मधे एकदा थांबला.
"कानामांगं तीळ हाय तुह्या," म्हणाला,
"एकवीस वर्सांत पायला नाई."

मेमध्ये सोपं होतं.
मेमध्ये अख्खा वर्धा जिल्हाच डोकं बांधून फिरतो,
दुपट्टा, पंचा, टॉवेल, खिशात कांदा.
आर्वीच्या गाडीत कंडक्टर म्हणाला,
लय तपून रायलं मॅडम.
मी म्हटलं, हो ना.

केसांचं सगळे विचारतात.
पापण्यांचं कोणी विचारत नाही.
त्या गेल्यावर कळलं, किती धूळ अडवायच्या.
नाकातले गेले, तर पाहुण्यांसमोर
वरणात टपकन थेंब.
तळव्यांना मुंग्या. घरी येऊन पाहते
तर चप्पल एकाच पायात,
दुसरी फाट्यावरच कुठंतरी.
तोंडात दिवसभर खिळा चोखल्याची चव,
आणि फोडणी तडतडली की मी उठून गोठ्यात जाते.
शेणाचा वास चालतो.
का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

शाळा उघडायच्या आधी, एका सकाळी,
"केसावर भांडे घ्या वो बाई, केसाऽवर..."
इमला. दरवर्षी येते.
टोपल्यात वाट्या एकमेकींच्या पोटात बसलेल्या.

मी कोनाडा रिकामा केला.
तिनं काट्यात टाकायच्या आधी
बोटांनी चाचपून पाहिलं.
गुंतवळ अशी सरळ नसते.
अख्खी वेणी कोणी देत नाही.
तिची नजर माझ्या दुपट्ट्यापर्यंत आली
आणि परत काट्यावर गेली.

मग तिनं टोपल्याच्या तळातून
मोठा गंज काढला, झाकणासकट.
"घ्या बाई."

मला राग आला.
कितीतरी दिवसांनी, मळमळ नसलेला,
स्वच्छ राग.
"वजन किती भरलं?"
"राहू द्या ना."
"किती, इमला?"
"...वाटीचं."
"मंग वाटीच दे. वजनाइतकंच."

उलटी घासाघीस चालली बराच वेळ,
ती वाढवत होती, मी उतरवत होते.
पंचफुला भिंतीवरून डोकावली,
काही न समजून हसत सुटली,
आणि मग आम्हीही.
शेवटी एक वाटी. वर दोन सुया.
सुया मी परत करत होते, तर म्हणाली,
"हे दान नोहोय बाई, उधारी हाय.
फेडजा पुढच्या साली."
तिथं मी हरले.

वाटीत खाऊन पाहिलं.
लोखंड लागतं. वाटीचं की तोंडातलं, कोण जाणे.
मी पळसाच्या द्रोणातच आंबील पिते,
त्या वाटीनं मोरेश्वर कोंबड्यांना कण्या टाकतो.

सहावा झाला. दोन राहिलेत.
सोमवारी शाळा. दुसरीची पोरं
विचारणारच, बाई, तुमचे केस?
उत्तर तयार नाही. आरुषी उईकेचा बाबा
तिरुपतीला जाऊन आलाय, तिला तेच वाटेल.
वाटू दे.

काल एका सुईनं पोलक्याचं बटण लावलं.
बोटाला टोचलेलं कळलंच नाही,
कापडावर लाल ठिपका आला तेव्हा समजलं.
चोखून पुढचा टाका घातला.
दुसरी सुई अजून कागदातच आहे,
रिकाम्या कोनाड्यात.