पोर्ट ८०८०

सिंदेवाहीकडची राईस मिल. काट्याच्या खोलीत
धानाच्या पोत्यावर लॅपटॉप.
एक्लिप्समध्ये लाल नागमोडी रेघ :
अर्धविराम राहिला होता. दिला.
बिल्ड झालं.
टॉमकॅट मात्र उठेना.
८०८० वर आधीच कोणी बसलेलं,
एसटीत रुमाल टाकून
पानठेल्यावर गेल्यासारखं.

"उठवा ना त्याले, मॅडम," देवाजी हमाल.

शोधलं तर मीच निघाले, कालची.
लाईन गेली तेव्हा
सर्व्हर चालूच ठेवून
नुसती झाकण मिटून घरी गेलेली.

तिला उठवलं. पुन्हा हिरवा त्रिकोण.

देवाजीच्या मोबाइलवर पान उघडलं :
धान, ४० किलो ६००.
त्यानं काट्याकडं पाहिलं,
पोत्याकडं पाहिलं,
"बारदाना वजा केला काय?"

नव्हता केला.