श्ली दीर्घ

शिरवळच्या अलीकडं, हायवेला लागून,
ऑर्केस्ट्रा बारच्या दारात मी नियमांची पाटी रंगवत होतो.
अक्षराला दोन रुपये.

नोटा उधळू नयेत.
स्टेजपासून पाच फूट लांब बसावे.
मॅनेजर टेप शोधत फिरला. मिळाली नाही.
आतून झुंबर आली, केस ओले, पायांत स्लीपर.
स्लीपर काढून
टाचेला अंगठा लावत मोजत गेली.
"माझी सात पावलं. मारा खडूनं रेघ."

लोक काय बघायला येतात, मी विचारलं नव्हतं.
तीच म्हणाली, निम्मे मोबाईल बघतात.
वाईचा एक कंडक्टर पगाराला येतो,
एकच गाणं मागतो
आणि डोळे मिटून बसतो.
त्याच्यासाठी कुठला नियम लिहिणार?

चौथ्या ओळीशी थांबली.
"पेंटर, अश्लील चुकलंय. श्ली दीर्घ.
दहावी झालीय माझी, विट्याला.
मराठीत एकाहत्तर."

टर्पेंटाईननं पुसलं, नीट काढलं.
मॅनेजरनं त्या अक्षराचे दोन रुपये कापले.

पाटीचा रंग अजून पक्का आहे.
रेघ मात्र रोज रात्री बुटांखाली जाते,
आणि दिवे लागायच्या आधी
ती पुन्हा स्लीपर काढते.